शेफ्टीवाले मेजर

लष्करातून निवृत्त होऊन हवालदार नागेश रुपनवर कळसला परत आले, तेव्हा पुढे काय करायचं याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती बाकी सगळ्यांच्या मनात, आणि ती दूर करता करता ती नागेशरावांच्याही मनात शिरली.

गावाने आल्या आल्या त्यांना बढती दिली. कळसला फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, मग तो तिथे शिपाई असो, आचारी असो की हवालदार. सरकारने इतक्या वर्षांत जे दिलं नाही ते चौकातल्या चहावाल्याने अर्ध्या चहावर देऊन टाकलं. नागेशरावांनी सुरुवातीला लष्करातले हुद्दे समजावून सांगायचा प्रयत्न केला. लोकांनी ते मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, "मंग मेजर, तुमी कुठलं मेजर?" तेव्हापासून त्यांनी तो नाद सोडला.

फौजेत नागेशरावांची सगळी हयात दारूगोळ्याच्या कोठारात गेली होती. तिथे काम एकच, काही होऊ द्यायचं नाही. ज्यांच्या हातून काहीतरी होतं त्यांना पदकं मिळतात. ज्याच्या हातून वर्षानुवर्षं काहीच होत नाही, त्याला निरोपसमारंभाला एक भिंतीवरचं घड्याळ मिळतं. पण माणसं सकाळी जशी कामावर आली तशीच्या तशी संध्याकाळी परत गेली पाहिजेत, यात नागेशरावांचा जीव होता. म्हणून बाहेर पडता पडता त्यांनी कारखान्यातल्या सेफ्टीचा रीतसर कोर्स केला आणि चांगल्या मार्कांनी पास झाले.

घरी मात्र सुरक्षित राहायला कोणी तयार नव्हतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी लाल रंगाने बाण काढून 'बाहेर पडण्याचा मार्ग' असं लिहिलं. घराला दार एकच होतं. आगीसाठी वाळूने भरून ठेवलेल्या बादल्यांत त्यांच्या आईच्या, म्हणजे साखरबाईंच्या, कोंबड्या अंडी घालू लागल्या. भाकरी भाजताना चुलीपासून किती अंतरावर बसावं हे त्यांनी बायकोला, प्रतिक्षाला, काठीने रेघ मारून दाखवलं तेव्हा तिने परात खाली ठेवली.

"आवं, इतकी वर्सं तुमी फोनवर हुता तेच ब्येस हुतं. कुठंतरी कामाला लागा, न्हायतर मी म्हायेराला जाते."

नागेशरावांनाही तेच हवं होतं. अजून पहाटेच त्यांना जाग यायची. सवयीने ते बूट चकचकीत करायचे, घालायचे, अंगणात उभे राहायचे, आणि कुठेच जायचं नाही हे आठवलं की परत काढून ठेवायचे. त्या वेळी त्यांना फार वाईट वाटायचं, आणि ते कोणाला सांगताही यायचं नाही. म्हणून लोणी देवकरला पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसरची जागा निघाली आहे हे कळलं, तेव्हा त्यांनी त्याच दिवशी अर्ज टाकला. आणि मग ते चौकात चहा प्यायला गेले, ही त्यांची पहिली चूक.

चौकात भीमातात्या बसले होते. भीमातात्या म्हणजे रुपनवरांचे शेजारी. एके काळी गावच्या सोसायटीचे चेअरमन होते आणि अजूनही कळसमध्ये बोअर घेण्यापासून बारशापर्यंत कोणतीही गोष्ट त्यांच्या सल्ल्याशिवाय होत नाही, निदान त्यांचं तरी तसं मत आहे.

"मंग आता फुडं काय, मेजर?" तात्यांनी बशीत चहा ओतत विचारलं.

"सेफ्टीत जायचं ठरवलंय, तात्या."

तात्यांची बशी तोंडाजवळ जाऊन थांबली. "शेफ्टीत?"

"व्हय. कोर्स केलाय त्याचा."

"त्येचा कोर्स असतोय?"

"असतो तर. विषय लई खोल हाय."

"खोल तर असतीच," तात्या म्हणाले. "आमची धा फूट हाय."

तात्या आता विहिरीबद्दल बोलत असावेत असं समजून नागेशरावांनी ते सोडून दिलं.

"आन गॅसचं वो? लई वंगाळ गॅस असतोय म्हनं त्यात."

"गॅसचा तर वेगळा पेपरच होता."

"आपल्या हातानं करावं लागतंय का?"

"छे! ऑफिसरनं हात लावायचा नसतो. माणसं काम करत्यात, आपण कडेला उभं राहून बघायचं."

"मंग ठीक हाय," तात्या म्हणाले आणि त्यांनी चहा संपवला. पण मेजरकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत जी कणव दाटून आली होती, ती नागेशरावांना काही केल्या उलगडेना.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. नागेशराव फौजेत गेले तेव्हा गावातल्या बहुतेकांचा सकाळचा कार्यक्रम टमरेल घेऊन ओढ्याच्या अंगाला पार पडायचा. पुढे घरोघरी संडास झाले, संडासामागे जमिनीत टाक्या झाल्या. त्या टाकीचं इंग्रजी नाव सेप्टिक टँक. ते गवंड्याच्या तोंडातून गावाच्या तोंडात येईपर्यंत त्याची 'शेफ्टी टाकी' झाली, आणि रोजच्या बोलण्यात नुसती 'शेफ्टी' उरली. हे सगळं घडत होतं तेव्हा नागेशराव कधी बर्फात, तर कधी वाळवंटात होते. सुट्टीवर आल्यावर त्यांनी ती सोय वापरली खरी, पण तिचं नाव विचारायचं काही कारण पडलं नाही.

आठवडाभरात फोन यायला लागले. पहिला आला पळसदेवहून.

"मेजर बोलतायसा का? शेफ्टीवालं?"

नागेशरावांना ते संबोधन आवडलं. अर्जाची बातमी चांगलीच पसरलेली दिसते, असं त्यांना वाटलं. "बोलतोय."

"आमची शेफ्टी भरलीया."

नागेशरावांचा आवाजच पडला. "भरली? कधी?"

"दिवाळीपसनंच भरलीया म्हना की. आता पार वर आलीया."

जागा भरल्याची बातमी वर, म्हणजे वरिष्ठांपर्यंत, गेली असणार. "मग मला कशाला फोन केला?"

"तुमी रिकामी करून देताल म्हनून."

हे ऐकल्यावर नागेशरावांच्या अंगात अख्खी पलटण संचारली. "हे बघा, बसलेल्या माणसाला उठवून जागा रिकामी करणं माझ्या तत्त्वात बसत नाही!"

पलीकडून अगदी दबक्या आवाजात प्रश्न आला, "मेजर, त्यात बसलंय कोन?"

"जो कोणी असंल तो! त्यालाही बायकापोरं असतील!"

फोन बंद झाला. तो गृहस्थ नंतर बॅटरी घेऊन आपली टाकी बघून आला म्हणतात.

दुसरा फोन चंद्राबाई नावाच्या एका बाईंचा होता. घरात लग्न, पाहुणे येणार, त्याआधी शेफ्टीचं काम उरकून द्या, असं त्यांचं म्हणणं. लग्नघरात सुरक्षेचा एवढा विचार करणारी बाई आपल्या तालुक्यात आहे या जाणिवेने नागेशरावांचा ऊर भरून आला. मांडवातल्या वायरी कशा असाव्यात, आचाऱ्याची भट्टी कापडापासून किती लांब हवी, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. चंद्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वायरी कशाला? तुमी आपलं मोटं पाइप घिऊन या."

मोठे पाइप म्हणजे अग्निशमनाचे, असा नागेशरावांनी अर्थ लावला. बाई फारच जागरूक होत्या.

उलगडा झाला तो प्रतिक्षामुळे. ती बचत गटाच्या बैठकीहून आली आणि पिशवी आपटून म्हणाली, "तुमी गावात काय सांगितलंय?"

"काय सांगितलंय?"

"समद्या बाया माझ्याकडं बघून नाकाला पदर लावत हुत्या. जयवंतावहिनीनं तर मला बसायला येगळी सतरंजी दिली."

"मी फक्त सेफ्टीचं काम बघतोय म्हणालो."

"शेफ्टी म्हंजी काय ठावं हाय का तुमाला?" असं म्हणून तिने नवऱ्याचा हात धरला, घरामागे नेलं आणि जमिनीतल्या सिमेंटच्या फरशीकडे बोट दाखवलं. "ही. ही शेफ्टी."

नागेशरावांनी फरशीकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. दहा फूट खोल, वंगाळ गॅस, पळसदेवचा माणूस, चंद्राबाईंचे मोठे पाइप, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. ते मटकन फरशीवर बसले. आपण कशावर बसलोय हे लक्षात येताच तितक्याच चपळाईने उठले.

साखरबाई भिंतीआडून सगळं ऐकत होत्या. त्या पुढे आल्या आणि लेकाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आसू दे की, नागू. कामाची कसली लाज? पर आल्यावर आंगूळ तेवढी भायेर करत जा."

दुसऱ्या दिवशी नागेशरावांनी चौकात उभं राहून जाहीर खुलासा केला. सेफ्टी म्हणजे सुरक्षा, असं त्यांनी शब्द सुटा सुटा करून सांगितलं. लोकांचे चेहरे उजळले. "म्हंजी वाचमन!" संध्याकाळपर्यंत बारामतीतल्या एका सोसायटीच्या गेटवर खुर्ची रिकामी असल्याचे निरोप तिघांकडून आले. मग नागेशरावांनी कामाचं पूर्ण नाव सांगितलं, आरोग्य आणि सुरक्षा. त्यावर एकाने शंका काढली की आरोग्याचं म्हणजे परत फिरून संडासाचंच झालं की. भीमातात्यांनी त्यांना बाजूला घेतलं.

"मेजर, लपवायचं कशाला? आमी काय परकं हाय का?"

त्या रात्री नागेशराव लवकर जेवून अंथरुणावर पडले. सीमेवर त्यांना कधी एवढं एकटं वाटलं नव्हतं.

अशात कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. भरतीचं काम बघणारे अविराजसर हे बारामतीचे, तरुण, नीटनेटके गृहस्थ होते. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "हवालदार? कोणत्या पोलीस ठाण्याला होता?" पण ते निस्तरल्यावर मुलाखत उत्तम झाली. कारखान्यातून चक्कर मारताना आग विझवायच्या नळकांड्यावर कोणीतरी डब्याची पिशवी अडकवलेली दिसली. नागेशरावांनी न विचारता ती काढून खाली ठेवली आणि पुढे चालू लागले. अविराजसरांनी ते पाहिलं.

"आमच्याकडून जवळजवळ पक्कं धरा," ते म्हणाले. "आता फक्त गावात तुमची चौकशी करायला माणूस पाठवतो. आमची पद्धत आहे तशी."

कारखान्याचा माणूस चौकात येणार, सेफ्टीवाले रुपनवर कोण म्हणून विचारणार, आणि चौक जे काय सांगायचं ते मनमोकळेपणाने सांगणार. नागेशराव तडक भीमातात्यांच्या घरी गेले.

"तात्या, माझ्या नोकरीचा प्रश्न हाय. कोणी विचारायला आलं तर माझ्या नावाला त्या शेफ्टीचा वाससुद्धा लागता कामा नये."

"सोडा माज्यावर," तात्या म्हणाले.

कोणतीही गोष्ट तात्यांवर सोडू नये हे बाकी गावाला ठाऊक होतं. नागेशराव बरीच वर्षं बाहेर होते.

दोन दिवसांनी अविराजसरांनी त्यांना परत बोलावलं. समोरचा कागद ते पुन्हा पुन्हा वाचत होते. "रुपनवर, हे काय आहे? तुमच्या गावात या नावाचे कोणी हवालदार नाहीत म्हणे. एक मेजर आहेत."

"तो मीच, सर."

"असू दे. आमच्या माणसाने विचारलं, ते सेफ्टीचं काम करतात ना? तर चहावाला, गिरणीवाला, देवळासमोरच्या एक आजी, सगळ्यांनी देवाची शपथ घेऊन सांगितलं की मेजरचा सेफ्टीशी काडीचा संबंध नाही. कधीच नव्हता. एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, या माणसाने जन्मात कधी सेफ्टीला हात लावला असेल तर मिशी उतरवीन."

ती मिशी कोणाची हे नागेशरावांनी ओळखलं. गावाने त्यांच्यासाठी एकजुटीने शपथा घेतल्या होत्या. रागवावं की गहिवरावं हे त्यांना कळेना.

"सर, गावातली सेफ्टी वेगळी असती."

"वेगळी म्हणजे?"

"म्हणजे... ती भरते."

अविराजसरांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, उद्या सकाळी मी स्वतः फोन करतो. गावातल्या एका जबाबदार माणसाचा नंबर द्या. तुम्ही सेफ्टीतले आहात एवढं त्यांनी सांगितलं की झालं. नाहीतर माझ्याकडे दुसरा उमेदवार तयार आहे."

गावात जबाबदारी घ्यायला सदैव तयार असलेला माणूस एकच होता. नागेशरावांनी भीमातात्यांचा नंबर दिला आणि घरी परतल्यावर तात्यांची तयारी करून घेतली.

"म्हंजी आता शेफ्टी हाय म्हनायचं?"

"व्हय."

"परवा तर न्हाय म्हनायचं हुतं."

"ती वेगळी, तात्या. ही कारखान्याची. नीट म्हणा, सेफ्टी ऑफिसर."

"शे... से... सेफ्टी," तात्या म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. झोपेपर्यंत ते तोच शब्द घोकत होते असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं.

सकाळी नागेशराव धीर द्यायला म्हणून तात्यांच्या घरी गेले, तर अंगणात उपशाचा टँकर उभा. तात्यांची शेफ्टी तुंबली होती आणि टँकरवाल्याने नेमकी तीच सकाळ दिली होती. मागच्या अंगाला टाकीचं झाकण उघडून ठेवलेलं. टँकरवाला पाइप जोडता जोडता चहा प्यायला पुढच्या पडवीत गेला होता, आणि तात्या वाकून आत बघत होते, कारण आपल्या मालकीची कोणतीही गोष्ट उघडी असली की ते वाकून बघतातच.

तेवढ्यात म्हैस ओरडली. तात्यांनी आपल्या म्हशीचा आवाज फोनला लावून घेतला होता. बंडीच्या वरच्या खिशात फोन थरथरला, तात्या गडबडीने आणखी वाकले, आणि फोन सुळकन आत गेला.

बुडाला असता तर बरं झालं असतं. पण वर जाड साय धरली होती. फोन तिच्यावर उताणा पडला, उजेड मारायला लागला आणि टाकीतून म्हैस जोरजोरात हंबरू लागली.

"मेजर! लोनी देवकरचा फोन!" तात्या ओरडले. त्यांनी धोतर वर खोचलं, भिंतीला टेकलेली शिडी ओढली आणि एक पाय आत टाकला.

"तात्या, थांबा!"

"तुमच्या नोकरीचा फोन हाय! आत्ता आनतो!"

नागेशरावांना पुढचं नीट आठवत नाही. तात्यांच्या घरच्यांना मात्र चांगलं आठवतं. कवायतीच्या मैदानावर घुमणारा 'थम' असा एक आवाज झाला, झाडावरचे कावळे उडाले, आणि दुसऱ्या क्षणी मेजरांनी तात्यांना काखेत हात घालून उचललं आणि अंगणात आणून आपटलं. टँकरवाला कप घेऊन धावत आला. त्याने सुचवलं, "मी जातू पटकन, मला सवय हाय." त्याला मेजरांनी एका नजरेने जागेवर उभं केलं. आत नीट दिसावं म्हणून कोणीतरी काडीपेटी काढली. ती मेजरांनी हिसकावून पार चिंचेपलीकडे फेकली.

म्हैस थांबली. आणि परत ओरडू लागली.

"एका मिंटाचं काम हाय वो!" तात्या रडकुंडीला आले होते. "दुसऱ्याला देतील ते तुमची जागा!"

नागेशरावांनाही ते ठाऊक होतं. टाकीच्या तोंडाशी ते पाय फाकवून उभे होते आणि खालून त्यांची नोकरी हंबरत होती. सकाळी चकचकीत केलेले बूट, जायचं ठिकाण, त्यांचं ऐकणारी माणसं, सगळं शिडीभर अंतरावर त्या सायीवर पडलं होतं. त्यांना रडू येईल असं वाटलं. पण गॅसला जीव घ्यायला मिनिटभरसुद्धा लागत नाही, आणि पहिला माणूस पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"वाजू द्या," ते म्हणाले. आणि त्यांनी एकट्याने झाकण ओढून टाकीवर लावलं.

थोड्या वेळाने त्यांचा स्वतःचा फोन वाजला. अविराजसर होते, आवाजात कंटाळा होता. "रुपनवर, तुमचा जबाबदार माणूस फोन उचलत नाही."

"उचलू शकत नाही, सर. फोन शेफ्टीत पडलाय."

"कशात?"

"संडासाच्या टाकीत. ते काढायला उतरत होते. मी उतरू दिलं नाही."

"पण आत वाजत होता तो फोन माझा होता ना?"

"हो, सर."

"तुमच्या नोकरीचा."

"हो, सर."

"मग तुम्ही काय केलंत?"

"झाकण लावलं."

फोन बंद झाला असं समजून नागेशराव तो खिशात ठेवणार, तोच आवाज आला. "तुमच्या गावाचं मला अजून काही कळलेलं नाही. पण सोमवारी कामावर या."

नागेशरावांनी फोन ठेवला. तात्या घाबरत घाबरत जवळ आले. "काय म्हनले?"

"सोमवारी बोलावलंय. कामावर."

"मी तर काय बोल्लोच न्हाय!" तात्या म्हणाले. ते जरा हिरमुसलेच, कारण शब्द त्यांना आता बिनचूक यायला लागला होता.

तेवढ्यात झाकणाखालून म्हैस परत हंबरली. दुसऱ्याच कोणाचा तरी फोन असणार. तात्या सवयीने अर्धे उठले. अंगणातल्या सगळ्यांनी मेजरांकडे पाहिलं. तात्या गुपचूप खाली बसले, आणि म्हैस थकून गप्प होईपर्यंत कोणीही जागचं हललं नाही.